प्रत्येक टेबलाला क्लास हवाच का?

एआयकडून कोड लिहून घ्यायची सवय आता कॉलेजातल्या पोरांपासून मोठमोठ्या टीमपर्यंत सगळ्यांना लागली आहे. त्या साधनाला डेटाबेसमधल्या टेबलांची यादी द्या आणि ‘यावर प्रणाली बांधून दे’ म्हणा. टेबलं बारा असतील तर बहुतेक वेळा क्लासही बाराच येतात. नावं तीच, रकाने तेच. कोड चालतोही, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याला वाटतं की शास्त्र ते हेच. यात एआयला दोष देऊन उपयोग नाही. ज्या कोडवर ते शिकलं, त्यात माणसांनी गेली वीस-पंचवीस वर्षं हेच करून ठेवलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. टेबल आहे एवढ्यावरून क्लास करू नये. एखादा नियम राखायचा असेल किंवा एखाद्या आकड्याचा अर्थ जपायचा असेल तर क्लास करावा. बाकीच्या नोंदी साध्या नोंदी म्हणूनच राहू द्याव्यात. हे पटवण्यासाठी महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना ठाऊक असलेला एक कागद घेऊ: सातबारा. सरकारी संगणक प्रणालीची ही चिकित्सा नाही. तो कागद पुढ्यात ठेवून आपण आपलीच एक छोटी प्रणाली आखणार आहोत.

## आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे आखलेला तक्ता. त्यातली एक आडवी ओळ म्हणजे एक नोंद, म्हणजेच रेकॉर्ड. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली जी मांडणी केली, तिच्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. त्या मांडणीत प्रत्येक ओळ हे एक विधान असतं. ‘गट क्रमांक ११२ चं क्षेत्र ०.८० हेक्टर आहे.’ हे विधान खरं असेल नाहीतर खोटं असेल, पण ते स्वतःहून काही करत नाही. कुणीही यावं, कुठूनही प्रश्न विचारावा आणि उत्तर घेऊन जावं, यासाठी ते उघडं ठेवलेलं असतं.

क्लासचा जन्म वेगळ्या घरातला. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांना खऱ्या जगातल्या हालचालींची नक्कल संगणकावर करायची होती. त्यासाठी त्यांनी सिम्युला ही भाषा घडवली, आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास आला. क्लास म्हणजे माहिती आणि त्या माहितीवर चालणारी कामं एकत्र बांधणारा साचा. त्यातून जी प्रत्यक्ष वस्तू तयार होते ती ऑब्जेक्ट. पुढे रूढ झालेला शिष्टाचार असा, की बाहेरच्याने ऑब्जेक्टच्या पोटात हात घालायचा नाही, त्याला फक्त काम सांगायचं.

म्हणजे नोंदीची किंमत ती उघडी असण्यात आहे आणि ऑब्जेक्टची झाकलेलं असण्यात. दोघांच्या जिभेवर नावं मात्र तीच असतात: गट, खातेदार, फेरफार. घोळ तिथून सुरू होतो.

## जमीन, जमिनीची नोंद आणि प्रोग्रॅममधली जमीन

सातबाऱ्यावर प्रणाली करायला बसलेला नवा प्रोग्रॅमर पहिल्या दिवशी ‘जमीन’ नावाचा क्लास करतो आणि त्याला ‘विक’ अशी मेथड, म्हणजे करायचं काम, जोडतो. वाचायला छान वाटतं: जमीन.विक. पण जमीन तिथे विकली जात नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवलं जातं. सातबाऱ्याकडे ती बातमी नंतर येते आणि तिची दखल घेतली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांत सगळं आलं. कायद्यालाही ठाऊक आहे की कागद वेगळा आणि जमीन वेगळी.

आपल्या प्रणालीच्या हाती जमीन कधीच नसते, तिच्याबद्दलची विधानं असतात. विधानाला विकता येत नाही. नवं विधान नोंदवता येतं, जुन्यावर शेरा मारता येतो. जुन्या तलाठी दप्तरांत हे भान पक्कं होतं. सातबाऱ्यावरचं नाव कमी करायचं झालं तर ते खोडून टाकत नसत, त्याला कंस करत, आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहीत. कोण होतं, कधी गेलं, कशामुळे गेलं, सगळं शाबूत राही. ‘मालकाचं नाव बदल’ अशी मेथड असलेला सुबक क्लास जुनं नाव पुसून नवं लिहितो आणि मोकळा होतो. दप्तराची शिस्त तो एका ओळीत घालवून बसतो.

## एकच माहिती, दोन दिशा

सातबारा गटाप्रमाणे निघतो: या गटात कोणकोण खातेदार. आठ-अ खातेदाराप्रमाणे निघतो: या माणसाची या गावात कुठेकुठे जमीन. एका गटात दहा भाऊबंद असतात आणि त्यातल्या एकाच्या नावावर चार गटांत तुकडे.

क्लास करायला बसलं की लगेच अडतं. गटाच्या पोटात खातेदारांची यादी ठेवायची, की खातेदाराच्या पोटात गटांची? दोन्हीकडे ठेवली तर प्रत्येक बदल दोन्हीकडे करावा लागतो, आणि एखाद्या संध्याकाळी एक बाजू राहून जाते. टेबलात हा प्रश्नच येत नाही. गटांचं एक टेबल, खात्यांचं एक, आणि ‘या गटात या खात्याचं एवढं क्षेत्र’ सांगणारं मधलं तिसरं. गटाच्या बाजूने विचारलं की सातबारा मिळतो, खात्याच्या बाजूने विचारलं की आठ-अ. आपल्या प्रणालीत आठ-अ वेगळा साठवायचीसुद्धा गरज नाही. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच आठ-अ. त्याला क्लास कशाला?

नोंदींची ठेवण आणि ऑब्जेक्टची ठेवण यांच्यातल्या या विजोडपणावर पूल बांधायला ओआरएम नावाची साधनं आली. टेबलातली ओळ उचलून तिचा ऑब्जेक्ट करायचा आणि बदलला की परत ओळीत लिहायचा, हे त्यांचं काम. जावा या भाषेचं हायबरनेट २००१ चं. ओआरएम पोटात घेऊन आलेली, वेबसाइट बांधायची साधनंही निघाली: रुबी भाषेतलं रुबी ऑन रेल्स, म्हणजे थोडक्यात रेल्स, २००४ चं, पायथॉन भाषेतलं जँगो २००५ चं. त्यांच्यामुळे वेबसाइट झपाट्याने उभ्या राहू लागल्या, हे मान्यच करायला हवं. पण २००६ मध्ये टेड न्यूअर्ड या प्रोग्रॅमर-लेखकाने या प्रकाराला संगणकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं. अमेरिकेच्या तिथल्या युद्धासारखं शिरताना यश चटकन मिळतं, आणि अडचणी वाढत जातात तशी माघारीची वाट सापडत नाही, असा त्यांचा रोख होता.

एक अडचण तर जवळजवळ प्रत्येक टीमच्या वाट्याला येते. समजा गावात ३०० गट आहेत आणि पडद्यावर गट क्रमांक व खातेदारांची नावं दाखवायची आहेत. प्रोग्रॅमर गटांचे ३०० ऑब्जेक्ट मागवतो आणि एकेकाला विचारतो, तुझे खातेदार कोण? वाचायला कोड निर्मळ असतो. खाली मात्र गटांसाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, आणि मग प्रत्येक गटासाठी एकेक, अशा ३०१ क्वेरी डेटाबेसवर आदळतात. तीन टेबलं जोडून हेच काम एका क्वेरीत झालं असतं. ओआरएममध्येही ‘खातेदार सोबतच आण’ असं सांगायची सोय असते, पण ते सांगायचं सुचायला आधी खालची टेबलं आठवावी लागतात, आणि ती आठवावी लागू नयेत म्हणून तर ऑब्जेक्टचा पडदा टाकलेला असतो!

दुसरी अडचण जरा शांतपणे छळते. यादीला फक्त दोन रकाने हवे असतात, पण क्लासला वीस. मग एकतर वीसही आणा, नाहीतर दोनच भरलेला अर्धवट ऑब्जेक्ट फिरवा. असा अर्धवट ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या हाती पडला की क्षेत्र रिकामं का आहे हे त्याला कळत नाही. जमीनच नाही, की आपण विचारलंच नव्हतं?

## मग क्लास कुठे हवा? पहिली जागा: आकड्याचा अर्थ

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि पारावर बोलणं एकर-गुंठ्यांत चालतं. एका हेक्टरचे १०० आर, एका एकराचे ४० गुंठे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे सुमारे १०१. दोन्ही इतके जवळ की चूक चटकन डोळ्यांत भरत नाही. आता टेबलात ०.४० हा आकडा आहे. तो हेक्टर असेल तर जमीन ४० आर, म्हणजे जवळपास एकरभर. एकर समजून वाचला तर उरतात अवघे १६ गुंठे. आकडा तोच, आणि भावाभावांत कोर्टकचेरी व्हायला एवढा फरक पुरतो.

इथे ‘क्षेत्र’ नावाचा क्लास करावा. आत चौरस मीटर ठेवावेत. बाहेरून येताना ‘हेक्टर-आरमधून’ किंवा ‘एकर-गुंठ्यांतून’ असं सांगितल्याशिवाय तो तयारच होऊ नये. दोन क्षेत्रांची बेरीज चालावी, पण क्षेत्रात रुपये मिळवू पाहणाऱ्याला कोड चालण्याआधीच अडवावं. एककांची गफलत किती महागात पडते याचं गाजलेलं उदाहरण नासाचं आहे. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पौंडांच्या पद्धतीत देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनच्या पद्धतीतले समजून वापरत होती.

गंमत अशी की या सर्वांत उपयोगी क्लासला स्वतःचं टेबल नाही. तो कुठल्यातरी टेबलातल्या एका रकान्यापुरता आहे. टेबलं मोजून क्लास करणाऱ्याला तो कधी सुचणारच नाही.

## दुसरी जागा: जिथे नियम राहतो

फेरफाराची वाट पाहा. खरेदी झाली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवला जातो. संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. कुणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबारा बदलतो.

हे सगळं ‘स्थिती’ नावाच्या रकान्यात ‘प्रमाणित’ असं लिहून उरकता येतं. पण मग त्या रकान्यात लिहू शकणाऱ्या प्रत्येक पडद्याला, प्रत्येक रात्री चालणाऱ्या प्रोग्रॅमला आणि मोबाइल ॲपला १५ दिवसांची मुदत आठवावी लागेल. चारांपैकी तिघांना आठवेल. म्हणून फेरफाराचा क्लास करावा आणि स्थिती बाहेरून बदलायची सोयच ठेवू नये. दारं मोजकी: नोटीस बजावली, हरकत आली, प्रमाणित कर, रद्द कर. ‘प्रमाणित कर’ म्हटल्यावर तो स्वतः मुदत मोजेल, उघडी हरकत आहे का पाहील आणि नियमात बसत नसेल तर नकार देईल. नियम एका जागी राहतो, त्याची चाचणी डेटाबेस न जोडता घेता येते, आणि उद्या मुदत बदलली तर एकच ओळ बदलते.

पुढची पायरी आणखी बोलकी आहे. प्रमाणित झालेल्या खरेदीने विकणाऱ्याच्या नावचे २० आर कमी होतात, घेणाऱ्याच्या नावे २० आर लागतात, आणि सगळ्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळलीच पाहिजे. हा नियम एका ओळीचा नाही, पुष्कळ ओळींचा मिळून आहे. त्यातली एखादी ओळ सुटी बदलायची मुभा दिली की बेरीज बिघडली. एकत्रच बदलायला हव्यात अशा नोंदींच्या गठ्ठ्याला सॉफ्टवेअर रचनेवर लिहिणाऱ्या एरिक एव्हान्स यांनी २००३ मध्ये ॲग्रीगेट हे नाव दिलं. गठ्ठ्याला एक प्रमुख असतो आणि सगळे बदल त्याच्यामार्फतच होतात. आपल्याकडे तो प्रमुख म्हणजे ‘गट’ हा क्लास.

आता हिशेब पाहा. ‘गट’ क्लासमागे दोन-तीन टेबलं आहेत, ‘क्षेत्र’ क्लासमागे एक रकाना, आणि आठ-अ सारख्या कित्येक गोष्टींमागे क्लास नाहीच. टेबलांच्या यादीवरून क्लासची यादी काढायला बसलो असतो तर यातलं काहीच निघालं नसतं.

## बाकीच्यांचं काय?

पिकांची नोंद घ्या, म्हणजे सातबाऱ्यातला ‘बारा’. हंगाम, पीक, किती क्षेत्रावर. ई-पीक पाहणीमुळे २०२१ पासून ती शेतकरी स्वतः मोबाइलवरून भरतो. या नोंदीला स्वतःचं वागणं जवळपास नाही. ती लिहायची आणि वाचायची. तिच्यासाठी नुसती रचना पुरे: कोणते रकाने, कोणत्या प्रकारचे. पायथॉनने २०१८ मध्ये डेटाक्लास दिला, सी शार्पने २०२० मध्ये आणि जावाने २०२१ मध्ये रेकॉर्ड नावाचा प्रकार दिला, तो अशाच कामासाठी. ‘मी फक्त माहिती वाहतो’ असं तो कपाळावर लिहून येतो, त्यामुळे वाचणारा त्यात नियम शोधत बसत नाही.

## ‘पण कामं नसलेला क्लास म्हणजे वाईट डिझाइन ना?’

हा आक्षेप वजनदार आहे. सॉफ्टवेअर रचनेवरचे नावाजलेले लेखक मार्टिन फाउलर यांनी २००३ मध्ये अशा क्लासना रक्तक्षय झालेले म्हटलं होतं: बाहेरून ऑब्जेक्ट, आत नुसते रकाने, आणि सगळे नियम भलतीकडेच लिहिलेले. त्यांची तक्रार रास्त होती. ऑब्जेक्टचा खर्च पूर्ण करायचा आणि फायदा घ्यायचा नाही, हा तोट्याचाच धंदा.

पण अनेकांनी त्यातून भलताच उपाय काढला: प्रत्येक क्लासमध्ये काहीतरी मेथड कोंबायच्या. पीक-नोंदीला ‘स्वतःला छापून दाखव’, ‘स्वतःला मेल कर’. जिथे नियम आहे तिथे तो क्लासमध्ये घ्या, हा फाउलर यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. जिथे नियमच नाही, तिथे क्लासचं सोंग तरी कशाला?

## ‘नियम डेटाबेसमध्येच घातले तर?’

घालावेतच. गट क्रमांक गावात एकच असावा, क्षेत्र ऋण नसावं, नसलेल्या खात्याच्या नावे हिस्सा लागू नये, एवढं डेटाबेस स्वतः उत्तम सांभाळतो. आपला प्रोग्रॅम सोडून दुसरंही कुणी तिथे लिहीत असेल, तर शेवटचा पहारेकरी तोच. पण १५ दिवसांची मुदत, सुनावणीचा निकाल, वारस नोंदीला लागणारी कागदपत्रं असे बदलते आणि बोलके नियम डेटाबेसच्या आत लिहिले की त्यांची चाचणी घेणं आणि ते बदलणं जड जातं. मी दोन्हीकडे थोडी पुनरुक्ती चालवून घेतो.

## ‘क्लास आयता मिळतोय, मग बिघडलं कुठे?’

टाइप करायचा खर्च एआयने संपवला, हे खरं. पण क्लासचा खर्च टाइप करण्यात कधीच नव्हता. टेबलाची हुबेहूब प्रत असलेला क्लास प्रोग्रॅमभर पसरतो आणि डेटाबेसमधल्या एका रकान्याचं नाव बदललं की शंभर जागा हलतात. टेबलाची रचना ही आतली बाब राहायला हवी होती, ती सगळ्यांच्या तोंडी झालेली असते.

यात सुरक्षेचाही धोका आहे. फॉर्ममधून आलेले सगळे रकाने जसेच्या तसे रेकॉर्डच्या क्लासमध्ये ओतायची सोय रेल्समध्ये होती. मार्च २०१२ मध्ये एका तरुण प्रोग्रॅमरने, कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर, फॉर्मसोबत एक जादाचा रकाना पाठवून आपली किल्ली, म्हणजे प्रवेशाची डिजिटल खूण, दुसऱ्याच्या खात्याला जोडून दाखवली आणि खुद्द रेल्सच्याच कोडमध्ये बदल केला. ‘हा कुणाचा’ हा रकानाही क्लासमध्ये होता, म्हणून तो बाहेरून भरता आला. पुढच्या वर्षी आलेल्या रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत कोणते रकाने स्वीकारायचे ते स्पष्ट सांगणं सक्तीचं झालं. फॉर्ममधून जे येतं, टेबलात जे राहतं आणि नियम ज्यावर चालतो, ते तिन्ही एकाच क्लासमध्ये कोंबले की असं होतं.

## ‘मग क्लासच सोडून देऊ’

तोही पंथ आहे. रिच हिकी यांची २००७ मध्ये आलेली क्लोजर ही भाषा माहितीला माहितीच ठेवते: नावं आणि त्यांच्यापुढे किमती, बस्स. त्यावर साधी फंक्शनं, म्हणजे सुटी लिहिलेली कामं, चालवायची. अहवाल, यादी, आयात-निर्यात अशा कामांत हा साधेपणा मला फार आवडतो. मात्र एकाने ‘क्षेत्र’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘क्षेत्रफळ’, तर ते प्रोग्रॅम चालू असतानाच कळतं, तेही नशीब असेल तर. क्लोजरवाल्यांनी यावर रचना तपासणारी साधनं काढली आहेत, म्हणजे फिरून कुठेतरी आकार लिहावाच लागतो. दहा-पंधरा पडद्यांची, दोघांनी सांभाळायची प्रणाली असेल तर या वाटेने खुशाल जावं.

## ‘आमच्याकडे शंभर क्लास आधीच आहेत’

ते मोडायला बसू नका. ज्या रकान्याची स्थिती तीन ठिकाणांहून बदलते आणि महिन्यातून एकदा चुकते, तिथून सुरुवात करा. त्या जागेचा नियम एका क्लासमध्ये आणा आणि बाहेरून लिहायची सोय बंद करा. एकक असलेला प्रत्येक आकडा, मग तो पैसा असो, वजन असो की क्षेत्र, हळूहळू स्वतःच्या प्रकारात घ्या. यादीचे पडदे ऑब्जेक्टवरून काढून सरळ क्वेरीवर आणा. वेगातला फरक त्याच दिवशी दिसतो. पीक-नोंदीसारखे निरुपद्रवी क्लास आहेत तसेच राहिले तरी चालतील, फक्त नव्या टेबलाबरोबर नवा क्लास काढायची सवय थांबवा. एआयला काम सांगतानाही टेबलांची यादी देण्याआधी नियमांची यादी द्या. येणारे क्लास वेगळे असतील.